तो विचारतोय, आणि तू खोटं सांगतेस

(खानापूर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र. 26 वर्षांच्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, धारवाडच्या डिमहान्स या मनोविकार रुग्णालयातून गोळ्या चालू आहेत. कोपऱ्यावरची पांढरी गाडी आपल्यावर पाळत ठेवते, असं त्याला वाटतं. त्याला पटवायचं कसं, घर बदलावं का, लग्न लावावं का, असं त्या विचारतात.)

ताई,

घराबद्दल, लग्नाबद्दल, वडील त्या गाडीवाल्याशी कसे भांडले त्याबद्दल सविस्तर लिहिलंस. मध्येच जाता जाता एक ओळ टाकलीस: ‘‘रात्री तो विचारतो, अक्का, गाडी माझ्यासाठीच आलीया काय, का माझं डोकंच असं करालंय? मी म्हणते, व्हय, आल्ती, मी हाकलली, झोप आता.’’

अगं, तो विचारतोय! भ्रमात पुरता बुडालेला माणूस विचारत नाही, त्याची खात्रीच असते. ‘का माझं डोकं’ म्हणणाऱ्याच्या मनात शंकेला अजून जागा आहे. मनात आलेलं खरं आहे का, हे भरवशाच्या माणसाकडून पडताळून घ्यायला मानसोपचारात मुद्दाम शिकवतात. तुझा भाऊ ते आपणहून करतोय, तेही घाबरलेला असताना, आणि त्यासाठी त्याने तुला निवडलंय. तू सांगतेस, आल्ती! वडिलांच्या भांडणापेक्षा तुझ्या या ‘व्हय’ने जास्त नुकसान केलंय, कारण त्याचा विश्वास तुझ्यावर आहे. रात्र शांत जावी म्हणून म्हणालीस, कळतं मला. तरी हे थांबव.

ॲरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी 1952 साली एका रुग्णाची हकिगत छापली होती. त्यालाही आपल्यावर पाळत आहे असं वाटायचं. बेकनी वाद घातला नाही. ज्यांचा संशय होता त्या माणसांकडे नीट बघायला, त्यांचं वागणं टिपायला लावलं.

उद्या दिवसा, तो शांत असताना सांग: ‘‘तू झोपावंस म्हणून मी हो म्हणत होते. ते चुकलं. आता मी बघितलं तेवढंच सांगीन.’’ रागावेल. रागावू दे. पुन्हा विचारेल तेव्हा म्हण, ‘‘गाडी दिसली, पण ती तुझ्यासाठी आली असं मला वाटलं नाही. तुला भीती वाटतेय, ते कळतंय मला.’’ एवढंच. ‘खुळा झालायस काय’ नको, पुराव्यांचा भडिमारही नको. सकाळी तो तयार असेल तर दोघं मिळून बघा: गाडी किती वाजता येते, कोण उतरतं, कुणाच्या घरी जातं, आणखी काय कारण असेल. वहीत त्यालाच लिहू दे. गाडी आपल्यासाठीच आलीय याची 100 पैकी खात्री किती, तेही. 80 ची 70 झाली तरी मला आनंद आहे. तो फार घाबरलेला किंवा चिडलेला असेल त्या दिवशी वही उघडायची नाही.

गोळ्या चालूच राहतील, हे त्यांच्या जोडीला. पुढच्या खेपेला धारवाडला वही घेऊन जा. त्याचं विचारणंच बंद झालं किंवा झोप उडाली, तर तारखेची वाट बघू नका, आधीच जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीही लागतो, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याला एकटं सोडू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात तडक न्या.

घर बदलू नका, नव्या घरालाही कोपरा असेल आणि तिथेही गाड्या उभ्या राहतील. लग्नाबद्दल आज मी एक अक्षर लिहिणार नाही. आधी त्याच्याशी बोल, आणि तो काय म्हणाला ते कळव.