'आद्यदेवदूत' की 'महादूत', आणि त्यांची पायरी कितवी?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'शरणपूर रोडच्या प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांच्या बायबलात "आद्यदेवदूत" वाचलं, नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेत "महादूत" ऐकलं. दोन्ही एकच का? हे दूत सगळ्यांत वरचे का?'

दोन्हींमागे ग्रीक शब्द एकच, 'आर्खांगेलोस'. 'आंगेलोस' म्हणजे निरोप नेणारा. अडचण 'आर्ख'ची आहे, कारण त्यात 'आरंभीचा' आणि 'अधिकाराने पहिला' हे दोन्ही अर्थ आहेत. हाच 'आर्ख' याजकाला लागतो तेव्हा मराठी बायबल 'प्रमुख याजक' म्हणतं, 'आद्य याजक' नव्हे. दूतालाही तोच अर्थ लावावा. 'आद्य' म्हटलं की आद्यकवी, आद्य शंकराचार्य आठवतात आणि 'सर्वांत आधी निर्माण झालेला दूत' असा भलताच अर्थ मनात शिरतो. त्यामुळे अवतरण देताना छापलेला शब्दच ठेवा, पण समजावून सांगताना 'प्रमुख देवदूत' म्हणा.

नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो: १ थेस्सलनीकाकरांस ४:१६ आणि यहूदा ९. नाव जोडलं आहे ते फक्त मीखाएलचं. गब्रीएल हा दूत दानिएल आणि लूक या पुस्तकांत भेटतो, पण तिथे त्याला हे पद दिलेलं नाही. राफाएल टोबीतच्या पुस्तकात 'सात दूतांपैकी एक' म्हणून येतो. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ते पुस्तक पवित्र शास्त्रात धरतात, प्रॉटेस्टंट धरत नाहीत. म्हणूनच एका घरी तीन नावं, दुसऱ्या घरी एकच. उरीएल या आणखी एका दूताचं नाव रोमच्या ७४५ च्या धर्मसभेने नाकारलं, इथिओपियाच्या चर्चमध्ये मात्र त्याला आजही मान आहे.

'सगळ्यांत वरचे' हे मात्र परंपरेत बसत नाही. दिओनिसियस या प्राचीन ख्रिस्ती लेखकाच्या नावाने चालणाऱ्या ग्रंथात दूतांच्या नऊ श्रेणी आहेत. सराफीम सर्वांत वर, प्रमुख देवदूत आठवे, म्हणजे साध्या दूतांच्या फक्त एक पायरी वर. मग प्रकटीकरण १२:७ मध्ये सैन्य घेऊन अजगराशी लढणारा मीखाएल इतका खाली कसा? हा वाद खरा आहे. पोप थोर ग्रेगरी यांनी श्रेणीऐवजी कामाकडे बोट दाखवलं: लहान निरोप आणतो तो दूत, सर्वांत मोठे निरोप आणतो तो प्रमुख दूत. मला हेच उत्तर शब्दाच्या अर्थाला अधिक धरून वाटतं. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक काल्विनने तर दिओनिसियसची ही उतरंडच व्यर्थ ठरवली.

मीखाएल कोण, यावरही एकमत नाही. काल्विनने दानिएल १२:१ मधला मीखाएल म्हणजे ख्रिस्तच मानला. ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्तीही तसंच मानतात, पण ख्रिस्ताला निर्मित दूत न म्हणता. 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाचे लोक मीखाएल हाच येशू आणि तो देवाची पहिली निर्मिती, असं शिकवतात. त्यांच्याशी बोलताना 'आद्य' शब्द विशेष जपून वापरावा.

कॅथलिक पत्रिकेत मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल या तिघांचा सण २९ सप्टेंबरला लिहावा. १९६९ पूर्वीच्या दिनदर्शिकेत गब्रीएल २४ मार्चला आणि राफाएल २४ ऑक्टोबरला वेगळे सापडतील.