सहकाऱ्यांची कामाची पाळी पाहायला जाण्यापूर्वी

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सप्रेम नमस्कार. जॉब शॅडोइंगसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या कामाच्या वेळी सोबत राहून ते पाहण्यासाठी, परिचारिका, फार्मासिस्ट की फिजिओथेरपिस्ट यांपैकी कोणाबरोबर जावे, असे तू विचारले आहेस. माझ्या मते सुरुवात परिचारिकेपासून कर, आणि तीही रात्रपाळीला. डॉक्टरने दिवसा लिहिलेल्या सूचनांचे पुढे काय होते, ते तेव्हा खरे दिसते.

मी नवी डॉक्टर असताना राउंडला ‘व्हँकोमायसिन 1 ग्रॅम शिरेतून’ एवढे लिहून पुढच्या खाटेकडे वळत असे. एका रात्री वॉर्डातील सिस्टरांबरोबर थांबले. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक घाईने दिल्यास अंगावर लाली येते आणि रक्तदाब उतरू शकतो, म्हणून ते निदान 60 मिनिटे संथपणे सोडावे लागते, हे मला पाठ होते. परंतु त्या रुग्णाच्या हाताला एकच आयव्ही लाइन (शिरेतून औषध देण्याची नळी) आहे आणि त्याच वेळेला मी आणखी दोन इंजेक्शने लिहून ठेवली आहेत, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. ती औषधे एका लाइनमधून एकत्र चालतील का, हे विचारण्यासाठी सिस्टरांनी फार्मासिस्टला फोन लावला, तेव्हा औषधे देण्यातील ज्या उशिराबद्दल मी सकाळी कुरकुर करीत असे तो माझ्याच वेळापत्रकातून निघत होता, हे मला उमगले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या आराखड्यात आंतरव्यावसायिक शिक्षणाचे वर्णन एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकणे असे केले आहे. नुसते पाहून परतलास, तर पहिलेच साधते. म्हणून पाळी संपल्यावर थोडा वेळ बसून, ‘माझ्या कोणत्या सवयीमुळे तुमचे काम अडते?’ असे मोकळेपणाने विचार, आणि उत्तर ऐकताना स्वतःची बाजू मांडू नकोस. हे मला फार जड गेले होते.

पाहताना रुग्णाची संमती घे, त्याची माहिती वहीत उतरवू नकोस आणि कोणाच्या कामाचे मूल्यमापन तर मुळीच करू नकोस. कामाची तपासणी करायला आलेल्या माणसासमोर कोणीही नेहमीसारखे वागत नाही.

नंतर त्या सहकाऱ्यांनाही तुझ्या राउंडला बोलाव. मात्र राउंडची वेळ त्यांच्या औषधे देण्याच्या वेळेवर येणार नाही, हे आधी त्यांच्याशी बोलून ठरव.

तुझी शुभचिंतक,
एक ज्येष्ठ सहकारी