तुमचे सर्वांत आवडते सुपरहिरो चित्रपट कोणते, आणि कोणत्या क्रमानं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: माझी क्रमवारी काय, आणि तुमच्या दहा वर्षांच्या मुलाला यातला पहिला कोणता दाखवावा. क्रम आधी सांगून टाकतो. 'स्पायडर-मॅन २', मग १९७८ चा 'सुपरमॅन', 'मिन्नल मुरली', 'द डार्क नाईट', 'भावेश जोशी सुपरहिरो', 'लोगन', 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' आणि आठवा 'मिस्टर इंडिया'. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर या आठव्यात आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

कोण जास्त ताकदवान, कोण कुणाला हरवेल, यावर शाळेत आम्ही मधल्या सुट्ट्या घालवल्या. आता मी एकच बघतो: संकट आलं की हिरोच्या आजूबाजूची माणसं काय करतात. ज्यात गर्दी नुसती ओरडत पळते, तो चित्रपट मला दुसऱ्यांदा बघावासा वाटत नाही.

'स्पायडर-मॅन २' आला २००४ साली. मी तेव्हा औसा तालुक्यातल्या गावाहून लातूरला अकरावीला आलो होतो. तिघांत एक खोली, पहाटेची ट्यूशन आणि गावाहून एसटीनं येणारा डबा. माय चारला उठून भाकरी करायची, सकाळच्या गाडीत डबा ठेवून द्यायची आणि मी स्टँडवर जाऊन तो उचलायचो. सारख्याच पिशव्यांच्या ढिगात आपली पिशवी ओळखू यावी म्हणून मायनं तिच्यावर लाल दोऱ्यानं माझं नाव घातलं होतं. एखाद्या दिवशी भाकरीच्या फडक्यात पन्नासची नोट निघायची. ती कुठून वाचवली असेल हे मला कळायचं, आणि त्या दिवशी घास लवकर उतरत नसे.

असा मी लातूरच्या थेटरात बसून, हिंदीत डब केलेला पीटर पार्कर बघत होतो. त्याची पिझ्झा पोचवायची नोकरी पहिल्या काही मिनिटांतच जाते. घरमालक भाड्यासाठी दारात उभा. कॉलेजात मास्तर नाराज. आणि त्याच्या वाढदिवसाला मे काकू त्याला वीस डॉलर देते. तिचं स्वतःचं घर बँकेच्या हप्त्यांत चाललेलं असतं. तो नको म्हणतो, तर ती चिडून ते त्याच्या हातात कोंबते आणि लगेच रडायला लागते. रोझमेरी हॅरिस यांनी ते इतकं खरं केलंय की अमेरिकेतलं ते स्वयंपाकघर मला आमच्या घरासारखं वाटलं. दिग्दर्शक सॅम रायमीला हे नीट समजलेलं होतं की पोराच्या अंगात किती का ताकद असेना, महिन्याचं भाडं त्याला चुकत नाही.

आणि मग ती रेल्वे. ब्रेक तुटलेली गाडी तो दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळी चिकटवून, छातीवर ताण घेत थांबवतो आणि बेशुद्ध होऊन पुढं कोसळायला लागतो. त्या क्षणी गाडीतले प्रवासी त्याला धरतात. हातोहात, डोक्यावरून, आत नेतात आणि खाली निजवतात. तोंडावरचा मुखवटा गेलेला. हा तर आपल्या पोराच्या वयाचा, असं एक माणूस म्हणतो. दोन लहान मुलं मुखवटा परत आणून देतात आणि कुणाला सांगणार नाही असं कबूल करतात. थोड्या वेळानं खलनायक त्याला न्यायला येतो तेव्हा हीच साधी माणसं मधे उभी राहतात. त्यांचा टिकाव लागत नाही, तो त्यांना बाजूला ढकलतो, पण ती उभी राहतात. आल्फ्रेड मोलिनाच्या डॉक्टर ऑक्टोपसच्या चार लोखंडी हातांची तारीफ सगळे करतात, चित्रपटाला दृश्य परिणामांचं ऑस्करही मिळालं. मला मात्र आधी आठवतात ते त्या डब्यातल्या माणसांचे हात. पंधरा-सोळा वेळा बघितलाय, पहिली जागा हललेली नाही.

आता 'सुपरमॅन'. रिचर्ड डॉनरचं दिग्दर्शन, ख्रिस्तोफर रीव्ह सुपरमॅन. हा दुसरा का, ते सांगायला मला किल्लारीला जावं लागेल.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड छप्पर. उन्हाळ्यात गार राहतात म्हणून बांधलेली. भूकंपात तीच अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. आमची आत्या किल्लारीजवळच्या गावात दिलेली होती. ती आणि तिचा मुलगा, दोघं गेले. वडील आणि चुलते उजाडताच सायकलीवर निघाले होते. पोचल्यावर घर कुठलं, गल्ली कुठली, हेच कळेना. वडिलांनी दिवसभर हातानं दगड काढले. मी पाच वर्षांचा होतो. मला आठवतात ती त्यांची बोटं, संध्याकाळी माय हळद लावत होती ती.

'सुपरमॅन'मध्ये खलनायक लेक्स ल्यूथर भूकंप घडवून आणतो. दोन क्षेपणास्त्रं दोन दिशांना सुटलेली असतात आणि सुपरमॅननं एका बाईला शब्द दिलेला असतो की तिची आई जिथं राहते तिकडचं आधी थांबवीन. तो शब्द पाळतो. दुसरं जमिनीत फुटतं. मग तो धावपळ करतो, तुटलेल्या रुळाच्या जागी स्वतः आडवा होऊन रेल्वे पार करून देतो, फुटलेल्या धरणाचं पाणी खडक टाकून अडवतो. तेवढ्यात त्याचं जिच्यावर प्रेम असतं त्या लोइसची मोटार जमिनीच्या भेगेत गेलेली असते, मातीखाली. तो तिला बाहेर काढतो तेव्हा उशीर झालेला असतो. मग तो ओरडतो, आकाशात जातो आणि पृथ्वीभोवती फिरून काळ मागं नेतो.

या शेवटाची खूप जण टिंगल करतात. पृथ्वी उलटी फिरल्यानं वेळ मागं जात नाही हे मलाही माहीत आहे. पण मी तो चित्रपट २००६ च्या सुमारास मित्राच्या कॉम्प्युटरवर बघितला, तेव्हा वडिलांची बोटं डोळ्यांसमोर आली. ढिगाऱ्याशी उशिरा पोचलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं? एक रात्र मागं. विसर्जनाच्या मिरवणुकीपाशी. तेवढं मिळालं तर तो पृथ्वी फिरवायलाही तयार असतो. त्या किंकाळीत रीव्हनं जे केलंय ते मला कुठल्याच दुसऱ्या सुपरहिरोत दिसलं नाही. तरीही पहिला नंबर देत नाही, कारण त्या ढिगाऱ्याशी सुपरमॅन एकटा आहे. किल्लारीत कुणी एकटा नव्हता. आजूबाजूच्या गावांतली माणसं भाकरी बांधून ट्रॅक्टरनं, बैलगाड्यांनी येत होती.

'मिन्नल मुरली' हा २०२१ चा मल्याळम चित्रपट, बेसिल जोसेफनं केलेला. हिंदीतही आहे. केरळमधल्या एका खेड्यातल्या शिंप्यावर वीज पडते आणि त्याच्या अंगात ताकद येते. आमच्याकडं वीज पडणं म्हणजे मृगाच्या आगेमागे पेपरातली रोजची बातमी. झाडाखाली थांबलेला शेतकरी, दावणीची बैलजोडी. म्हणून पहिली दहा मिनिटं मी जरा अवघडूनच बघत होतो. पण तीच वीज आणखी एकावर पडलेली असते: शिबू, ज्याला गाव वेडा म्हणतं. गुरु सोमसुंदरम यांनी तो असा केलाय की त्याच्याकडं बघताना आपल्या गावातला कुणीतरी आठवतोच. त्याला आयुष्यात एकच माणूस हवं असतं, उषा. गावाच्या रागात, आगीत, ती जाते आणि शिबू गावावर उलटतो. एकाच गावानं एकाला हिरो केलं आणि दुसऱ्याला खलनायक, हे इतक्या सरळपणे सांगणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही. टोविनो थॉमसचा हिरो आपला पोशाख स्वतः शिवतो, तेही मला फार आवडतं.

'द डार्क नाईट'मधला हीथ लेजरचा जोकर थोरच. जानेवारी २००८ मध्ये तो गेला, चित्रपट त्यानंतर आला आणि ऑस्कर त्याच्या पश्चात मिळालं. पण मी चौथा नंबर देतो तो दोन बोटींसाठी. एका बोटीत कैदी, एकीत साधी माणसं, आणि प्रत्येक बोटीत दुसरी उडवायचं बटण. साधी माणसं मतदान घेऊन उडवायचं ठरवतातही, पण बटणाला हात लावायला कुणी धजत नाही. आणि कैद्यांच्या बोटीतला एक धिप्पाड माणूस ते बटण मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकतो. दिग्दर्शक नोलानच्या त्या सगळ्या अंधारात तेवढा एक माणूस मला पुरतो.

'भावेश जोशी सुपरहिरो' (२०१८, विक्रमादित्य मोटवाने) फार चालला नाही. उत्तरार्ध लांबलाय, हे खरं. पण त्यातला शत्रू म्हणजे पाणी चोरून टँकरनं विकणारी टोळी, आणि हे लातूरकराला समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती, आणि मिरजेहून 'जलदूत' रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा लातुरातच होतो. आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा पुढच्या बायका मागच्या म्हातारीची घागर आधी भरू द्यायच्या, आणि कधी त्याच बायका एका हंड्यावरून भांडायच्या. दोन्ही बघितलंय. चित्रपटाचा हिरो कागदी पिशवीचा मुखवटा घालून सुरू होतो आणि पाण्याच्या पाइपापाशी पोचतो. सुपरहिरोला यापेक्षा मोठं काम आमच्या जिल्ह्यात तरी नाही.

'लोगन' मी आजोबांच्या शेवटच्या वर्षात बघितला. नखं बाहेर काढणारा दांडगा माणूस म्हाताऱ्या प्रोफेसरला उचलून निजवतो, औषध देतो, शिव्या खातो. एवढं पुरे आहे. 'स्पायडर-व्हर्स'मध्ये नवखा स्पायडर-मॅन माइल्स सुरुवातीला जरा अडखळत हलतो, कारण चित्रकारांनी त्याची चित्रं सेकंदाला चोवीसऐवजी बाराच ठेवली. उडी जमते तशी ती हालचाल सफाईदार होते. दुसऱ्यांदा बघताना तुमच्या मुलाला हे दाखवा.

'अ‍ॅव्हेंजर्स: एन्डगेम' यादीत नाही म्हणून खाली कुणी तरी विचारेलच. थेटरात मीही उभा राहून ओरडलो. त्यातली माणसं मात्र मला आठवत नाहीत, हिरोच आठवतात.

आता तुमचा मुलगा. 'लोगन' अजिबात नको, 'डार्क नाईट' चार वर्षांनी. सुरुवात शेखर कपूरच्या 'मिस्टर इंडिया'नं (१९८७) करा. तंत्र जुनं झालंय म्हणून मी त्याला आठवा ठेवला, पण पोरांसाठी तोच पहिला. घरात दहा अनाथ पोरं, खायला पुरेसं नाही, आणि अदृश्य झालेला माणूस फक्त लाल उजेडात दिसतो. छोट्या टीनाचं बॉम्बमध्ये मरणं मुलाला लागेल, तेव्हा शेजारी बसा.

१९९३ च्या गणपतीत आमच्या मंडळानं एका रात्रीसाठी व्हिडिओ आणला होता आणि हाच चित्रपट लावला होता. आत्याचा मुलगा चार दिवस आमच्याकडं आलेला. दुसऱ्या दिवशी त्यानं मखराचा लाल जिलेटिन कागद हळूच फाडला, अर्धा मला दिला, आणि आम्ही दोघं डोळ्यांना कागद लावून गावभर मिस्टर इंडियाला शोधत फिरलो. पारावर, विहिरीपाशी, शाळेच्या मागं. विसर्जन आपल्या गावचं बघायचं म्हणून तो आदल्या दिवशी परत गेला. जाताना त्याचा अर्धा कागद खिशात होता.

जिलेटिन कागद कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. चित्रपट लावायच्या आधी लाल रंगाचा एक आणून ठेवा.