जुनी डिझेल पिकअप सकाळी लवकर चालू होत नाही आणि चढाला काळा धूर सोडते. इंजिन काम काढायलाच, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त करायलाच हवं का?

इंजिन आत्ताच खोलू देऊ नका. तुमच्या गाडीला बहुतेक दोन वेगळी दुखणी आहेत आणि मेकॅनिकने दोघांवर मिळून एकच औषध सांगितलंय, तेही सगळ्यात महागडं.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. २०११ची पिकअप, मेकॅनिकल पंपाची, टर्बोवाली (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा असलेली). वाशी मार्केटमधून कांदा-बटाटा भरून ठाण्यात जांभळी नाक्यावर आणि पुढे घोडबंदर रोडने मीरा रोडला. सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो, चालू झाली की थोडा वेळ पांढरा धूर, मग दिवसभर अर्ध्या सेल्फला चालू. गायमुखच्या चढाला लोड असला की ओढत नाही आणि मागे काळा धूर. मेकॅनिक म्हणतो रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेल्या, इंजिन खाली घ्या.

मी कोपरखैरण्यात डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो. लोक पंप सोडवून थेट दुकानात घेऊन येतात आणि टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) लावला की पंप चांगला निघतो. म्हणून मी आधी धुराबद्दल विचारतो. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत गेलं पण पेटलं नाही. काळा धूर म्हणजे डिझेल पेटलं, पण त्याला हवा पुरली नाही. ऑइल जळतं तेव्हा धूर निळसर असतो आणि डिपस्टिकवर लेव्हल खाली जाते. ऑइल टॉपअप करावं लागतं असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. घासलेल्या रिंगांनीही सकाळी त्रास होतो हे खरं, त्यामुळे ती शक्यता सोडायची नाही. पण ती शेवटी, आणि मोजून.

सकाळच्या त्रासाची सुरुवात बॅटरीपासून करा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टनने हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. इंजिन हळू फिरलं तर हवा तेवढी तापतच नाही. मल्टिमीटर लावून बघा: रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. त्यानंतर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या धातूला लावून सेल्फ मारा. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनशी जोडणी) खराब आहे. खाडीच्या हवेत आपल्याकडच्या गाड्यांची अर्थिंगची पट्टी आतून हिरवी पडते, वरून मात्र चांगली दिसते. सोडवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा.

बॅटरी आणि अर्थिंग ठीक असेल तर लाइन एअर घेतेय का ते बघा. माझा पहिला संशय हाच आहे. एकदा चालू झाल्यावर दिवसभर त्रास नसणं हे लाइनमध्ये हवा शिरण्याचं अगदी ठरलेलं लक्षण. रात्रभरात बारीकशा फटीतून हवा आत येते, डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी सेल्फचा सगळा जोर ते डिझेल पुन्हा ओढून आणण्यात जातो. उद्या सकाळी सेल्फला हात लावण्याआधी फिल्टरजवळचा हँड पंप मारून बघा. दोन-चार दाबांत कडक झाला तर लाइन भरलेली आहे. मऊ लागत राहिला, बरेच दाब मारावे लागले आणि मग गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली, तर चोर सापडला. दुसरी खात्री फुकटात होते: एक रात्र गाडी उतारावर तोंड खाली करून लावा, म्हणजे टाकी इंजिनपेक्षा वर राहील. हँडब्रेक, गिअर आणि चाकाला दगड लावायला विसरू नका. त्या सकाळी गाडी झटकन चालू झाली तर इंजिन खोलायचा विषय तिथेच बाजूला ठेवा.

ही गळती बाहेरून दिसत नाही, म्हणून भले भले फसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढणारी असते. इंजिन चालू असताना तिथून डिझेल बाहेर पडत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे खाली थेंब नाही म्हणजे लाइन चांगली, हा हिशोब इथे चालत नाही. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि इंजिन चालू करून बघा. बुडबुड्यांची माळ पळताना स्पष्ट दिसते. मग टाकीच्या बाजूने एकेक जोड सरकत पुढे या: टाकीवरच्या नळीचं टोक, रबरी होजवरच्या क्लिपा, हँड पंपाचा व्हॉल्व्ह, फिल्टरचं रबर, बँजो बोल्टाखालचे (ज्याच्या मधून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर. हे वॉशर एकदा दाबले गेले की कडक होतात आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत. नवेच टाका. रस्त्यातच अडलात तर जुना वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की मऊ होतो आणि वेळ निभावते.

गाडीला हीटर प्लग (थंड इंजिनाला आतून ऊब देणारे) असतील तर तेही याच वेळी तपासा. पट्टी सोडवून एकेक प्लग ओहममध्ये मोजायचा, चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो. आणखी एक गोष्ट हटकून बघा: थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) जागेवर आहे का? आपल्याकडे गाडी जरा तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत पडली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. तो नसला की इंजिन वेळेत गरम होत नाही, पांढरा धूर लांबतो, डिझेल जास्त लागतं आणि थंड बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती पोकळी) लवकर घासतो. गाडी तापत असेल तर रेडिएटर, पंखा, वॉटर पंप यात कारण शोधा.

आता गायमुखचा चढ. डिझेल कमी पडलं तर गाडी ओढत नाही, पण धूरही फारसा सोडत नाही. तुमच्याकडे काळा धूर आहे, म्हणजे डिझेल पोचतंय, कमी पडतेय ती हवा. त्यामुळे डिझेल फिल्टर बदलून या तक्रारीत फरक पडणार नाही. आधी एअर फिल्टर काढा. घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ खात रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात दिलेल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही. हवा मारायची ती आतून बाहेर आणि बेताच्या प्रेशरने. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते.

मग टर्बोपासून इंजिनपर्यंतची होज, मध्ये इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) असेल तर तोही. ही होज क्लिपेच्या खाली किंवा वळणाच्या आतल्या बाजूला चिरते. इंजिन नुसतं चालू असताना चीर मिटलेली असते, लोडवर टर्बोचं प्रेशर आलं की उघडते. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काहीच सापडत नाही. होज काढून हातात वाकवून बघा. बाहेर एकाच जागी तेलकट काळा डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर चीर तिथेच आहे. चढाला फुस्स असा आवाज येत असेल तर प्रश्नच मिटला.

होज चांगली निघाली तर पंपाच्या डिझेल वाढवायच्या स्क्रूवरचं सील बघा. सील तुटलेलं असेल तर आधी कोणीतरी 'पॉवर वाढवून' दिलेली आहे. त्याने चार दिवस गाडी जोरात वाटते, पण नुसता धूर वाढतो, एक्झॉस्ट तापतो आणि शेवटी पिस्टन जळतो. असं असेल तर पंप बेंचवर सेट करून घ्या, सोबत नोझलही द्या. टपकणारं नोझल सकाळी पांढरा आणि लोडवर काळा, असे दोन्ही धूर देऊ शकतं. कुठल्या सिलेंडरमध्ये गडबड आहे ते कळायला, इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाईपचा नट मेकॅनिककडून थोडा ढिला करून घ्या. ज्याने इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलेंडर कामच करत नव्हता. डोळ्यांवर चष्मा हवा आणि फवाऱ्याजवळ हात नको, कारण नोझलचं डिझेल २०० बारच्या आसपास प्रेशरने सुटतं आणि कातडीत घुसतं. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या पद्धतीच्या) गाडीवर हा प्रयोग कधीच करू नका. तिथे हजार बारच्या वर जाणारं प्रेशर असतं.

तुमच्याकडे जुन्या पीयूसीच्या पावत्या असतील तर शोधा. डिझेल गाडीच्या पावतीवर धुराचा आकडा छापलेला असतो. बीएस ३ पर्यंतच्या गाड्यांना मर्यादा २.४५ आहे, बीएस ४ ला १.६२. पास की नापास एवढंच न बघता ते आकडे तारखेप्रमाणे मांडा. हळूहळू चढत गेले असतील तर झीज किंवा नोझल. एकाच पावतीत एकदम उडी असेल तर होज, फिल्टर किंवा पंपाची छेडछाड.

हे सगळं झाल्यावर इंजिनकडे वळा. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, ऑइलचं झाकण उघडून उलटं नुसतं ठेवा. थोडी वाफ आणि हलकी थरथर चालते. झाकण उडतंय आणि भकाभक धूर येतोय तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलेंडरमधला दाब रिंगांवरून खाली उतरतोय. पण आधी ब्रीदर पाईप (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारा) साफ आहे ना, ते बघा. थंड गाडीत रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू करा. सतत बुडबुडे आले किंवा कूलंट कमी होत असेल तर हेड पॅकिंगचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) संशय.

एवढं करूनही शंका राहिली तर कॉम्प्रेशन टेस्ट मागा. डिझेलचा गेज वेगळा असतो, पेट्रोलचा चालत नाही. चारही सिलेंडरचे आकडे तुमच्यासमोर कागदावर लिहून घ्या आणि कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. सिलेंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा. एकच सिलेंडर कमी असेल तर आधी टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं), मग हेड आणि व्हॉल्व्ह. त्यासाठी इंजिन खाली उतरवायची गरज नाही.

चारही कमी आले आणि बॅक कॉम्प्रेशनही असेल तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे, काम काढा. मात्र नुसत्या रिंगा बदलून घेऊ नका. बोअर आणि क्रँक मशीन शॉपमध्ये मोजून घ्या, आकडे पाहून लाइनर (बोअरमधलं बदलता येणारं नळकांडं) आणि पिस्टनचं ठरवा. आणि नवं इंजिन चालू करायच्या आधी पंप आणि चारही नोझल बेंचवर लावून घ्या, कारण जुनं टपकणारं नोझल तसंच बसवलं तर नव्या लाइनरवरचं ऑइल ते डिझेलने धुऊन काढतं आणि रिंगा पुन्हा घासायला लागतात.