साभार परत

पहिल्या भेटीत त्या बाईंनी पिशवीतून दोन गोष्टी काढून टेबलावर ठेवल्या. ३२० पानांच्या कादंबरीचं बाड आणि एक फाइल. फाइलमध्ये ६ प्रकाशकांची नकाराची पत्रं तारीखवार लावलेली. हिशेब खात्यात २२ वर्षं काढलेलं माणूस नकारसुद्धा तारीखवारच लावणार. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, एवढंच सांगा. मी लिहिणं सोडून देऊ का?"

समुपदेशनाला येणाऱ्या लिहित्या माणसांकडून हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकायला मिळतो की आता त्याचं उत्तर द्यायची मी घाई करत नाही. बाईंची झोप उडाली होती. दुसऱ्याचं पुस्तक हातात घेतलं की पोटात कालवायचं, म्हणून वाचनही बंद. बहिणीने 'काय झालं गं तुझ्या पुस्तकाचं?' विचारलं की त्या उठून आत जायच्या.

घाई करत नाही म्हणते खरी, पण त्या दिवशी केली. धीर द्यायला म्हणून पुढे नामवंत झालेल्या लेखकांना किती नकार आले होते ते सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पुढे ज्यांची पुस्तकं निघाली, त्यांचेच नकार आपल्याला ठाऊक असतात ना? बाकीच्यांची यादी कुठे मिळते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते औषध मी तेव्हापासून कुणालाच देत नाही.

मग मी त्यांना घरी करायला एक काम दिलं. कागदाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे पत्रातलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आणि उजवीकडे ते वाचून मनात जे आलं ते लिहायचं. पुढच्या आठवड्यात कागद आला. डावीकडे 'पुढच्या दोन वर्षांची आमची पुस्तकं ठरलेली आहेत', उजवीकडे 'तुला लिहिता येत नाही'. डावीकडे 'आम्ही कादंबऱ्या प्रकाशित करत नाही', उजवीकडे 'आता वय झालं'. कादंबऱ्या न काढणाऱ्याकडे कादंबरी पाठवली, ती परत आली आणि त्यात वय कुठून आलं? हे वाचून दाखवताना त्यांचं त्यांनाच हसू आलं. प्रकाशकाच्या पुस्तकांची यादी न चाळता बाड पाठवणं ही नवख्या लेखकांची फार नेहमीची चूक आहे. तशा नकारात लिखाणाबद्दल काहीच म्हटलेलं नसतं.

सहाव्या पत्रापुढची उजवी बाजू मात्र कोरी होती. डावीकडचं वाक्य होतं, 'पहिली ६० पानं गोष्ट सुरूच होत नाही.'

"इथे काही लिहिलं नाहीत?"

"ते मी दुसऱ्यांदा वाचलंच नाही."

सहा जणांत बाड खरोखर वाचणारा बहुधा हा एकच, आणि नेमकं त्याचंच म्हणणं त्यांनी मिटून ठेवलं होतं. प्रकाशकांकडे पाठवण्याआधी हे कुणी वाचलं होतं, असं मी विचारलं. कुणीच नाही. नवऱ्याने नाही, बहिणीने नाही, मैत्रिणीने नाही. "ओळखीच्या माणसाने वाचलं की त्याला सगळं कळणार ना," त्या म्हणाल्या. अनोळखी माणसाचा नकार त्या एकवेळ सोसत होत्या. आपल्या माणसाने वाचणं त्यांना सोसणार नव्हतं.

त्या दिवशी मी एकच उदाहरण दिलं, तेही यशाचं म्हणून नाही. अमेरिकन लेखिका हार्पर ली यांनी १९५७मध्ये प्रकाशकाकडे दिलेलं बाड आणि १९६०मध्ये निघालेली त्यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी जवळजवळ दोन निराळी पुस्तकं आहेत. बाडातली नायिका मोठी बाई होती. टे होहॉफ या संपादिकेबरोबर दोनेक वर्षं पुन्हापुन्हा लिहिताना गोष्ट तिच्या लहानपणात गेली. ते जुनं बाड २०१५मध्ये 'गो सेट अ वॉचमन' नावाने वेगळं प्रसिद्ध झालं, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा हा खर्डा आहे."

चौथ्या भेटीला त्या खुशीत आल्या. एका ठिकाणाहून चार दिवसांत होकार आला होता. 'अप्रतिम' लिहिलं होतं. छपाईचा खर्च तेवढा त्यांनी करायचा आणि वर काही प्रती विकत घ्यायच्या. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही, डोळे उघडे ठेवून अनेक जण काढतात. पण चार दिवसांत ३२० पानं वाचून अप्रतिम म्हणणाऱ्याचं गिऱ्हाईक वाचक नसतो, लेखक असतो. मी त्यांना नको म्हटलं नाही, फक्त विचारायचे प्रश्न लिहून दिले. संपादन कोण करणार? दुकानांत प्रती कोण पोचवणार? ई-बुक, ऑडिओ आणि अनुवादाचे हक्क कुणाकडे? किती वर्षांनी ते परत मिळणार? लिहिल्या क्षणापासून हक्क लेखकाचाच असतो, करारात तो आपणच देऊन टाकतो. त्यांनी फोन केला. उत्तर मिळालं की सवलत उद्यापर्यंतच आहे. त्यांनी फोन ठेवला.

पैशाचंही बोलून घेतलं. रॉयल्टी साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी. त्यावर घर चालणारे लेखक थोडे. "नोकरी सोडायचा विचार मी केलाच नव्हता," त्या म्हणाल्या. हिशेब पक्का होता त्यांचा.

शेवटी बाड गेलं ते बहिणीकडे आणि ऑफिसमधल्या एका वाचणाऱ्या मैत्रिणीकडे. त्यानंतर बाई आल्या त्या चिडूनच. दोघींनी, एकमेकींशी न बोलता, त्याच ६० पानांवर बोट ठेवलं होतं.

"त्या पानांत माझी आजी आहे, मॅडम."

यावर काय बोलणार? ती तासभराची भेट आम्ही आजीबद्दलच बोलण्यात घालवली, कादंबरी तशीच टेबलावर पडून होती. पुढच्या वेळी कळलं की ती पानं त्यांनी काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहेत, वर आजीचं नाव घालून.

बाड अजून कुठेही पाठवलेलं नाही, त्यामुळे सातवं पत्रही नाही. झोप बऱ्यापैकी लागते. बहिणीने विचारलं की 'चाललंय' म्हणतात आणि बसून राहतात. ६१वं पान आता पहिलं झालंय आणि त्याचं पहिलं वाक्य आतापर्यंत १४ वेळा बदललंय. आकडा त्यांचाच, मोजून सांगितलेला.