डोह कोणाचा, शब्द कोणाचा

या महिन्यात खानदेशातून आलेली पाच पत्रे एकाच विषयावर होती. सातपुड्याच्या पोटातील नद्यांवरचे दूरचे डोह आणि त्यांवरून गळ टाकणाऱ्यांमध्ये होणारे तंटे हा तो विषय. पत्रलेखकांनी डोहांची नावे, जवळचे पाडे आणि जाण्याच्या वाटा सविस्तर लिहिल्या होत्या. त्या मी वगळल्या आहेत. का वगळल्या ते पहिल्याच उत्तरात येईल. तीस वर्षे या नद्यांवर गळ घेऊन फिरल्यामुळे या भांडणांविषयी मला अलिप्तपणे लिहिता येत नाही.

प्रश्न : बारा वर्षांपूर्वी एका पावरा आदिवासी गृहस्थांनी मला एका डोहाची वाट दाखवली. मोटारसायकल ठेवून तेथे दीड तास चालत जावे लागते. मागील वर्षी मी माझ्या जिवलग मित्राला तेथे नेले आणि कोणालाही सांगणार नाही असा शब्द त्याच्याकडून घेतला. त्याने महाशीर हातात धरून काढलेले छायाचित्र गळवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. आता माझ्या डोहावर दर रविवारी दहा-बारा जण बसलेले असतात आणि काठावर बाटल्या व तुटलेली तंगूस पडलेली असते. मित्र म्हणतो, नदी सरकारची आहे, तुझ्या वाडवडिलांची नव्हे. आमचे बोलणे बंद झाले आहे. चूक कोणाची? (एक वाचक, जळगाव जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रात दोन तंटे एकमेकांत गुंतले आहेत. एक शब्दाचा आहे आणि दुसरा पाण्याचा. शब्दाच्या तंट्यात आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. मित्राने शब्द दिला आणि तो मोडला. नदी सरकारची असल्यामुळे त्या शब्दाची किंमत कमी होत नाही. ज्याने आपल्याला वाट दाखवली त्याला विचारल्याशिवाय ती तिसऱ्याला दाखवायची नाही, असा आमच्याकडच्या जुन्या गळवाल्यांचा रिवाज होता आणि तो मला आजही योग्य वाटतो. छायाचित्राखाली मी ठिकाणाचे नाव लिहिले नव्हते, असे आपला मित्र कदाचित म्हणेल. परंतु मागचा कडा, काठावरचे झाड आणि पाण्यातला खडक पाहून त्या भागात फिरलेला माणूस जागा ओळखतो, आणि मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल तर मूळ छायाचित्राबरोबर अक्षांश-रेखांशही साठवले जातात.

पाण्याच्या तंट्यात मात्र आपली बाजू मला तितकी भक्कम वाटत नाही. आपण ‘माझा डोह’ असे लिहिले आहे. मित्राला तेथे नेण्यापूर्वी त्या पावरा गृहस्थांना आपण विचारले होते काय? पत्रात तसा उल्लेख नाही. त्यांनी वाट आपल्याला दाखवली होती, आपल्या मित्राला नव्हे. ज्या विश्वासभंगाचा सल आपल्या मनात आहे त्याची सुरुवात, नकळत का होईना, आपल्याकडूनच झाली आहे, आणि हे मान्य केल्याशिवाय मित्राशी होणारे बोलणे पुन्हा भांडणावरच जाईल असे मला वाटते.

तरीही गर्दीविषयीची आपली काळजी खरी आहे, आणि तिचे कारण या नद्यांच्या स्वभावात आहे. सातपुड्यातून तापीकडे उतरणाऱ्या अनेर, सुकी, मोर, गोमाई यांसारख्या नद्या पावसावर जगतात. दिवाळीपर्यंत वाहणारी धार फाल्गुनात तुटू लागते आणि चैत्र-वैशाखात लांबच लांब कोरड्या पात्रात एखादाच डोह भरलेला उरतो. त्या सबंध टप्प्यातील मासे तेव्हा त्या एका डोहात गोळा झालेले असतात. पाऊस पडून पात्र पुन्हा जोडले गेले की त्यांचीच पिल्ले वर-खाली पसरतात. म्हणून भाद्रपदात काढलेले दहा किलो मासे आणि वैशाखात काढलेले दहा किलो मासे यांची बरोबरी होऊ शकत नाही; वैशाखातील मासा हे बियाणे आहे. महाशीराच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच लागू पडते. तो पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ पाण्यात, गोट्यांच्या पात्रात अंडी घालतो. तापीवर १९७२ मध्ये गुजरातेत उकाई धरण पूर्ण झाले, आपल्याकडे हतनूरचे धरण झाले, पुढे सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेज उभे राहिले. त्यांनी शेतीला पाणी दिले, पण नदीतून ये-जा करणाऱ्या माशांची वाट ठिकठिकाणी अडली. वरच्या उपनद्यांच्या डोहांत जो महाशीर अजून तग धरून आहे तो संपला, तर खालून नवा येण्याची आशा फार थोडी आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी स्वतः एका सहकाऱ्याला असा एक डोह दाखवला होता. त्याने तो आपल्या नातलगांना दाखवला, आणि पुढच्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा बारीक आसाचे जाळे ओढून डोह खरवडून काढलेला होता. काठावर बोटभर लांबीची पिल्ले वाळत पडली होती. मी त्या सहकाऱ्याशी कित्येक महिने बोललो नाही, आणि त्या अबोल्याचा डोहाला काडीइतकाही उपयोग झाला नाही. तेथे पुन्हा मासे दिसू लागले ते जवळच्या पाड्यातील लोकांनी उन्हाळ्यात कोणालाही जाळे लावू द्यायचे नाही असे ठरवल्यानंतर, आणि त्यालाही चार पावसाळे जावे लागले.

तेव्हा आपण मित्राला सोबत घेऊन त्या पावरा गृहस्थांच्या घरी जावे, झालेली गोष्ट त्यांना दोघांनी मिळून सांगावी आणि पुढे काय करावे ते त्यांना व पाड्यातील वडीलधाऱ्यांना विचारावे. मित्राने छायाचित्र गटावरून काढून टाकावे आणि होळीनंतर पाऊस पडेपर्यंत तेथे गळ टाकू नये अशी विनंती त्याच गटावर स्वतःच्या नावाने करावी. ज्याने गर्दी आणली त्याचेच म्हणणे गर्दी ऐकण्याचा संभव अधिक असतो. महाशीर लागलाच तर ओल्या हाताने गळ काढून तो लगेच पाण्यात सोडावा.

प्रश्न : आम्ही तिघांनी शुक्रवार आणि शनिवार असे दोन दिवस शेंगदाण्याची पेंड व कोंडा टाकून डोहावर जागा तयार केली. रविवारी सकाळी दुसरे चौघे आले आणि आमच्यापासून वीस पावलांवर, खालच्या अंगाला बसले. आमच्या चाऱ्यावर आलेले रोहू त्यांनी काढले. हटकले तेव्हा ते म्हणाले, पेंड टाकली म्हणजे सातबारा नावावर झाला काय? प्रकरण हातघाईवर आले होते. (एक वाचक, धुळे जिल्हा)

उत्तर : पेंड टाकल्याने पाण्यावर मालकी येत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु ते जेथे बसले ती जागा निवडण्यात त्यांचा अन्याय होता. वाहत्या पाण्यात चाऱ्याचा वास धारेबरोबर खाली जातो आणि मासा त्या वासाच्या मागाने खालून वर येतो. त्यामुळे चारा टाकणाऱ्याच्या खालच्या अंगाला जवळ बसणारा त्याच्याकडे येणारा मासा वाटेतच अडवतो, आणि गळ टाकणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते. उशिरा आलेल्याने आधी बसलेल्याला विचारावे, वरच्या अंगाला किंवा बरेच दूर बसावे, आणि डोह लहान असेल तर पुढच्या डोहावर जावे. आधी आलेल्यानेही एक मर्यादा पाळली पाहिजे. दोन दिवसांत आपल्याला पुरेसे मासे मिळाले असतील तर रविवारी जागा मोकळी करून देण्यात कमीपणा नाही. दोन-दोन दिवस एकाच डोहात पेंड टाकत राहण्याविषयीही मी साशंक आहे. धार मंदावलेल्या लहान डोहात न खाल्लेली पेंड तळाशी कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. मोठ्या जलाशयात जे चालते ते येथे चालत नाही.

हातघाईविषयी इतकेच लिहितो की जेथून जखमी माणसाला खाटेवर घालून खाली आणावे लागते, तेथे हात उचलण्यापूर्वी परतीची वाट आठवावी.

प्रश्न : पाड्यावरील तरुणांनी आम्हाला वाटेत अडवले आणि नदीवर गळ टाकायचा असेल तर माणशी पैसे द्या, असे सांगितले. आमच्यातील काहींनी वाद घातला. नदी सर्वांची असताना ते असे अडवू शकतात काय? (एक वाचक, शहादा)

उत्तर : ‘नदी सर्वांची’ हे वाक्य शहरातून गेलेला माणूस फार सहज बोलतो. वनहक्क कायदा २००६ नुसार वनांत राहणाऱ्या आदिवासींचे व इतर पारंपरिक वननिवासींचे सामूहिक हक्क मान्य केले जातात, आणि त्या हक्कांत मासे व जलाशयांतील इतर उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके आणि शहाद्याचाही काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, जेथे १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या कायद्याने, ग्रामसभेला विशेष स्थान दिले आहे. ज्या गावाचा सामूहिक दावा मंजूर झाला आहे, त्या गावाच्या हद्दीतील पाण्यात आपण पाहुणे आहोत. म्हणून पैसे का, असा वाद घालण्याऐवजी ग्रामसभेचा ठराव आहे काय आणि पावती मिळेल काय, हे नम्रपणे विचारावे. ठराव असेल तर आनंदाने पैसे द्यावेत आणि त्यांचे नियम पाळावेत. दोघा-चौघांनी परस्पर मागितले असतील तर तेथे हुज्जत घालू नये. गावात जाऊन जाणत्या माणसांना भेटावे.

याच संदर्भात दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांविषयीचे अज्ञान मला वारंवार आढळते. यावल आणि अनेर धरण ही दोन्ही अभयारण्ये आहेत. तेथे परवानगीवाचून प्रवेश करण्यासही मनाई आहे, मग गळाची गोष्ट कशाला. तसेच धरणांच्या जलाशयांतील मासेमारी सामान्यतः मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. त्या पाण्यात संस्थेने विकत आणून सोडलेले कटला, रोहू, मृगळ यांचे बीज वाढत असते, आणि त्यावर भोई, कोळी व भिल्ल कुटुंबांची चूल पेटते. तेथे संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले कणीस मोडणे होय.

प्रश्न : आम्हा सहा जणांना ठाऊक असलेल्या एका डोहावर कोणीतरी जिलेटिन टाकून मासे मारते. तक्रार करावी असे मी म्हणतो. इतर पाच जण म्हणतात, तक्रार केली की पंचनामा होईल, डोह जगजाहीर होईल आणि मग आपल्यालाही काही मिळणार नाही. यावरून आमच्यात फूट पडली आहे. (एक वाचक, चोपडा तालुका)

उत्तर : तक्रार करावी, आणि ती आजच करावी. स्फोटक किंवा विष वापरून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. स्फोटाच्या धक्क्याने माशाची हवेची पिशवी फुटते आणि मेलेल्या माशांपैकी पुष्कळसे तळाशी बसतात, त्यामुळे मारणाऱ्याच्या हाती त्यांतील काही भागच लागतो. पिल्ले, झिंगे, किडे सर्व त्याच क्षणी मरतात. मरळीचे जोडपे तांबूस पिल्लांच्या थव्याखाली राखण करीत फिरताना ज्याने पाहिले आहे, त्याला या प्रकाराविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपल्या सोबत्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. डोह गुप्त असल्याचा फायदा आतापर्यंत सर्वांत जास्त कोणाला झाला? जिलेटिन टाकणाऱ्याला झाला, कारण पाहणारे सहाही जण गप्प बसणार हे त्याला ठाऊक आहे. मी स्वतः जागा जपण्याच्या बाजूचा आहे, आणि या सदरातही डोहांची नावे छापत नाही. परंतु जागा जपायची ती मासा राहावा म्हणून. जेथे मौनामुळेच मासा मरतो आहे, तेथे ते मौन मी पाळणार नाही. वनहद्दीत असल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर, अन्यथा पोलिसांना ११२ वर कळवावे, आणि त्याआधी जवळच्या पाड्यात सांगावे, कारण स्फोटाचा आवाज त्यांनीही ऐकलेला असतो आणि रात्री कोण आले-गेले हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

प्रश्न : माझे यजमान दर पंधरवड्याला डोंगरात गळ टाकायला जातात. कोठे जातात ते विचारले तर म्हणतात, जागा सांगितली की फुटते. त्यांच्या एका मित्राशी याच कारणावरून त्यांचे भांडण झाले आहे, म्हणून ते मलाही सांगत नाहीत. तेथे मोबाइलला रेंज नसते. मला रात्र-रात्र झोप लागत नाही. (एक वाचक भगिनी, भुसावळ)

उत्तर : ताई, आपली मागणी रास्त आहे. सातपुड्यात वर कोठेतरी पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पात्रात एकाएकी लोंढा येतो. पाय घसरणे आणि साप चावणे हे धोके तर बाराही महिने आहेत. आपल्या यजमानांना हे उत्तर वाचायला द्यावे. जागेचे नाव उच्चारायचे नसेल तर त्यांनी निघण्यापूर्वी ते कागदावर लिहून, पाकीट चिकटवून देवघरात ठेवावे, आणि रात्री नऊपर्यंत परत न आल्यास आपण ते फोडावे. वेळेवर परत आल्यास न उघडलेले पाकीट त्यांच्या हातात द्यावे. कागदावर केवळ डोहाचे नाव पुरत नाही. गाडी कोठे लावली आहे, सर्वांत जवळचा पाडा कोणता आणि तेथे कोणाच्या घरी विचारायचे, हेही त्यांनी लिहावे.