पायाचा ठसा घेतला, पण पाय तपासला का?

प्रश्न : आईला १२ वर्षांपासून मधुमेह आहे. तळपाय बधिर झालेत आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याखाली घट्टा आलाय. एका ठिकाणी तिला मशीनवर उभं करून रंगीत चित्र काढलं आणि त्यावरूनच मापाचे इनसोल (बुटात घालायचे तळवे) बनवतो म्हणाले. घ्यावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एवढ्यावरून घेऊ नका. ते चित्र उभं असतानाचा दाब दाखवतं. चालताना टाच उचलली की भार चवड्यावर येतो आणि बधिर पायाला इजा होते ती तिथेच.

आधी पोडिआट्रिस्टने (पायांच्या तज्ज्ञाने) आईला झोपवून पाय तपासायला हवेत : १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (त्वचेवर टेकवायच्या नायलॉनच्या बारीक धाग्याने) संवेदना, पायाच्या नाड्या, घोटा आणि अंगठा किती वर वळतो. घोटा आखडला असेल तर टाच लवकर उचलली जाते आणि चवडा जास्त भरडला जातो. रोजच्या चपला सोबत न्या, त्यांची झीज बघायची असते. घट्टा पोडिआट्रिस्टकडूनच तासून घ्या, घरी ब्लेड लावू नका. खाली जखम दडलेली असू शकते, आणि ती निघाली तर आधी तिचे उपचार.

मग फोमच्या डब्यात ठसा. आईला खुर्चीत बसवून, पाय सरळ धरून तो दाबतात. घट्ट्यावर लिपस्टिकचा ठिपका लावला की नेमकी जागा ठशात उमटते. इनसोलमध्ये तिथे खोलगट भाग ठेवायचा. चवड्याला आधार देणारा उंचवटा चवड्यातल्या हाडांच्या टोकांच्या मागे, टाचेच्या बाजूला बसला पाहिजे. तो पुढे सरकून थेट टोकांखाली आला तर दाब उलट वाढतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

प्रिस्क्रिप्शनवर मटेरियल, कडकपणा आणि जाडी लिहून घ्या. बधिर पायाला टणक प्लास्टिक नको : खाली ईव्हीए (हलका, घट्टसर फोम), वर साधारण १५ शोअरचा (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं रबर). एवढी जाडी नेहमीच्या बुटात मावत नाही, बोटं वर घासतात. म्हणून खोल बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल लागते.

पहिल्या दिवशी तासभरच घालायचे, मग रोज थोडं वाढवायचं. दर वेळी काढल्यावर तळवा बघा. आईला दुखणार नाही, त्यामुळे हे तुम्हालाच बघावं लागेल. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर वापर थांबवून इनसोल दुरुस्तीला न्या.

आपल्याकडे घरात अनवाणी वावरतात. घरासाठी वेगळा जोड हवाच.